लक्षात ठेवायला वीज कशाला? युरोपातल्या स्पिनट्रॉनिक चिपची गोष्ट

संगणकाची चिप वीज खाते ती गणितं करण्यासाठी, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात बेरीज-गुणाकार हे तिचं सगळ्यात स्वस्त काम. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मार्क होरोविट्झ यांनी २०१४ साली मांडलेला हिशेब चिपच्या जगात आजही सांगितला जातो. ४५ नॅनोमीटर पिढीच्या चिपमध्ये ३२ बिटांच्या दोन पूर्णांकांची बेरीज करायला साधारण ०.१ पिकोज्यूल ऊर्जा लागते (पिकोज्यूल म्हणजे एका ज्यूलचा लाख कोटीवा भाग). तेच आकडे बाहेरच्या डीरॅम मेमरीतून उचलून आणायचे झाले तर हजारो पट जास्त. म्हणजे गणितं करण्याचा खर्च कमी आणि आणण्या-नेण्याचा, सांभाळून ठेवण्याचा जास्त.

स्वयंपाक करताना मोहरी-हळद-तिखट मिसळणाच्या डब्यात हाताशी असतं आणि धान्य कोठीच्या खोलीत. चिपमध्येही तसंच असतं. प्रोसेसरला चिकटून ‘कॅश’ नावाची छोटी, चपळ मेमरी असते, आणि लांब, वेगळ्या चिपवर डीरॅम. दर चिमटीला कोठीत जावं लागलं तर स्वयंपाक कधी व्हायचा? म्हणून चिप बनवणारे कॅश वाढवत जातात. आजच्या मोठ्या प्रोसेसरांमध्ये बरीचशी जागा कॅशनेच व्यापलेली असते.

अडचण या कॅशमध्येच आहे. ती ज्या एसरॅम प्रकारच्या मेमरीने बनते, तिथे एक बिट धरून ठेवायला सहसा सहा ट्रान्झिस्टर लागतात आणि त्यांना सतत वीज द्यावी लागते. वीज तोडली की माहिती गेली. वीज चालू ठेवली तर काहीही काम नसतानासुद्धा प्रत्येक ट्रान्झिस्टरमधून थोडी थोडी गळत राहते. ट्रान्झिस्टर जितके लहान होत गेले, तितका या गळतीला आवर घालणं अवघड होत गेलं. डीरॅमचं दुखणं वेगळं. तिथे बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. तो झिरपून जातो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी सगळी मेमरी वाचून पुन्हा भरावी लागते. रात्रंदिवस.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरांनी ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली. आपल्या बिलाच्या भाषेत ४१,५०० कोटी युनिट, जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्क्याच्या आसपास. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीच्या वर जाईल असं तीच संस्था म्हणते. यातली सगळी वीज मेमरी खात नाही हे खरं. पण प्रश्न उरतोच: नुसतं लक्षात ठेवायला वीज लागावी का?

चुंबकाला लागत नाही. लोखंडाचा तुकडा एकदा एका दिशेने चुंबकित केला की तो तसाच राहतो, त्याला बॅटरी जोडावी लागत नाही. कॅसेट, हार्ड डिस्क, बँकेच्या कार्डामागची काळी पट्टी हे सगळं त्यावरच चालतं. मग तो चुंबक चिपच्या आत, ट्रान्झिस्टरच्या शेजारी का नेऊ नये? स्पिनट्रॉनिक्स म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अंगच्या चुंबकपणावर चालणारं तंत्र, आणि त्याची निम्मी गोष्ट एवढीच आहे. उरलेली निम्मी गोष्ट, हा चुंबक वाचायचा कसा आणि पलटायचा कसा, ही मुख्यतः युरोपातल्या प्रयोगशाळांमध्ये घडली आणि अजून घडते आहे.

भार आणि स्पिन

नेहमीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये इलेक्ट्रॉनचा एकच गुण वापरला जातो, त्याचा विद्युतभार. त्याला दुसराही एक गुण आहे. १९२५ मध्ये नेदरलंड्समधल्या लायडनला जॉर्ज उलेनबेक आणि सॅम्युएल खाउडस्मिट या दोन तरुणांनी सुचवलं की प्रत्येक इलेक्ट्रॉनला अंगभूत कोनीय संवेग असतो. त्यालाच स्पिन म्हणतात. इलेक्ट्रॉन स्वतःभोवती गरगर फिरतो असं चित्र काढतात, पण ते शब्दशः घेऊ नये. कामापुरतं एवढं पुरे की प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक अतिसूक्ष्म चुंबक असतो आणि कुठल्याही एका दिशेत मोजला तर त्याची उत्तरं दोनच येतात, वर किंवा खाली.

तांब्याच्या तारेत वरचे आणि खालचे इलेक्ट्रॉन निम्मे-निम्मे असतात, त्यामुळे स्पिनचा एकूण परिणाम शून्य. लोखंड, कोबाल्ट, निकेल या धातूंत हा समतोल मोडलेला असतो. म्हणून तर ते चुंबक होतात. त्यांच्यातून वीज वाहते तेव्हा चुंबकाच्या दिशेशी जुळणारे इलेक्ट्रॉन आणि न जुळणारे इलेक्ट्रॉन यांना होणारा अडथळा सारखा नसतो. एका गटाला वाट मोकळी मिळते, दुसरा गट ठेचकाळत जातो. नेव्हिल मॉट यांनी ब्रिस्टलमध्ये १९३६ सालीच हे दोन स्वतंत्र प्रवाहांचं चित्र मांडलं होतं. पण त्याचा उपयोग करायचा तर काही नॅनोमीटर जाडीचे धातूचे थर एकावर एक रचता यायला हवेत, कारण इलेक्ट्रॉन आपली स्पिनची दिशा फार लांबपर्यंत सांभाळू शकत नाही. धातूत काही दहा किंवा काही शे नॅनोमीटर गेला की विसरतो. तसे थर रचायचं तंत्र यायला आणखी पन्नास वर्षं गेली.

ओर्से आणि युलिश, १९८८

पॅरिसजवळच्या ओर्से इथे आल्बेर फेर आणि जर्मनीतल्या युलिश संशोधन केंद्रात पेटर ग्र्युनबर्ग, हे दोघं एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकाच ठिकाणी पोचले. ग्र्युनबर्ग यांच्या गटाला १९८६ मध्ये दिसलं होतं की लोखंडाच्या दोन पातळ थरांमध्ये क्रोमियमचा अतिपातळ थर घातला की लोखंडाचे थर आपोआप एकमेकांच्या उलट दिशेने चुंबकित होतात. पुढचा प्रश्न उघड होता. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावून दोन्ही थर एकाच दिशेला वळवले तर विजेच्या रोधाचं काय होतं?

रोध उतरतो. थर समांतर असतील तर जुळणारा एक गट दोन्ही थरांतून बिनबोभाट जातो. उलट असतील तर प्रत्येक गटाला कुठल्या ना कुठल्या थरात अडथळा होतोच. ग्र्युनबर्ग यांच्या साध्या तीन थरांच्या नमुन्यात खोलीच्या तापमानाला फरक जेमतेम दीड टक्का होता. फेर यांच्या गटाने ‘थॉमसन-सीएसएफ’ या कंपनीच्या सहकार्याने लोखंड-क्रोमियमच्या डझनावारी जोड्या रचल्या होत्या, आणि ४.२ केल्विन (उणे २६९ अंश सेल्सिअस) इतक्या थंडीत त्यांचा रोध जवळजवळ निम्म्यावर आला. या परिणामाला ‘जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स’ म्हणजे जीएमआर म्हणतात. दोघांना २००७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

युलिशने पेटंट वेळेत घेतलं, परवान्याचे पैसेही मिळाले. पण उद्योग उभा राहिला तो अटलांटिकपलीकडे. आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या अल्माडेन प्रयोगशाळेत स्टुअर्ट पार्किन यांनी महागड्या, संथ पद्धतीऐवजी कारखान्यात चालेल अशा स्पटरिंग पद्धतीने हे थर बनवून दाखवले, आणि १९९७ च्या अखेरीस जीएमआरवर वाचणारी पहिली हार्ड डिस्क बाजारात आली. त्यानंतरच्या दहा वर्षांत डिस्कची क्षमता ज्या वेगाने वाढली, त्यामागे डिस्क वाचणारे हे जीएमआरचे भाग होते. शोध युरोपचा आणि दुकान दुसऱ्याचं, ही सल तिथल्या शास्त्रज्ञांच्या आणि अधिकाऱ्यांच्या बोलण्यात आजही डोकावते. आज युरोपीय संघ या विषयावर एवढा पैसा का ओततो, याचं निम्मं उत्तर ऊर्जाबचतीत असेल, तर निम्मं या सलीत आहे, असं मला वाटतं. (पार्किन स्वतः मूळचे ब्रिटिश, आणि आता जर्मनीत हाले इथल्या माक्स प्लांक संस्थेत आहेत.)

एका बिटाचा खांब

डिस्कचं वाचन आणि चिपमधली मेमरी यात अंतर आहे. चिपमध्ये दीड टक्क्याचा फरक गोंधळात हरवून जाईल. तिथे लागते ती ‘मॅग्नेटिक टनेल जंक्शन’ नावाची रचना. काही दहा नॅनोमीटर रुंदीचा एक खांब डोळ्यांसमोर आणा. त्यात कोबाल्ट-लोह-बोरॉनचे दोन चुंबकीय थर आणि मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडचा साधारण एक नॅनोमीटर जाडीचा विद्युतरोधक पापुद्रा. पुस्तकी नियमाने त्यातून वीज जायला नको. पण पापुद्रा इतका पातळ असतो की क्वांटम नियमांच्या कृपेने काही इलेक्ट्रॉन आरपार जातात, आणि किती जातात हे दोन्ही चुंबकांच्या दिशा जुळतात की नाही यावर ठरतं. एका थराची दिशा पक्की करून टाकलेली असते. दुसरा मोकळा. जुळले तर रोध कमी, ते शून्य. उलट असले तर रोध जास्त, तो एक. झाली मेमरी. वीज बंद करा, परत या, बिट जागेवर.

याची सुरुवातही फ्रान्समधली. रेन इथे मिशेल ज्युलिएर यांनी १९७५ मध्ये हा परिणाम थंडीत मोजला होता, तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९९५ मध्ये तो खोलीच्या तापमानाला दिसला, एमआयटीत जगदीश मूदेरा यांच्या गटाला आणि जपानमध्ये तेरुनोबू मियाझाकी यांच्या गटाला. २००४ मध्ये पार्किन आणि जपानचे शिंजी युआसा यांनी मॅग्नेशियम ऑक्साइड वापरून रोधातला फरक २०० टक्क्यांच्या आसपास नेला. म्हणजे ‘एक’चा रोध ‘शून्य’च्या साधारण तिप्पट. चिपला वाचायला तेवढं पुरतं.

अशा मेमरीला एमरॅम म्हणतात. ती २००६ पासून बाजारात आहे. एअरबसच्या ए-३५० विमानाच्या उड्डाण-नियंत्रक संगणकासाठी ती निवडली गेली, कारण अवकाशातून येणाऱ्या किरणांनी साठवलेला विद्युतभार बिघडू शकतो, चुंबकाची दिशा सहसा नाही.

वाचणं सुटलं. लिहिणं? पहिल्या पिढीत खांबाजवळच्या तारेतून वीज सोडून तिच्या चुंबकीय क्षेत्राने मोकळा थर पलटवत. त्याला प्रवाह भरपूर लागे आणि खांब लहान केले की शेजारचा बिटही पलटण्याची भीती. दुसऱ्या पिढीची कल्पना १९९६ मध्ये दोन सैद्धांतिक शास्त्रज्ञांनी, जॉन स्लोन्चेव्स्की आणि लुक बर्जे यांनी, वेगवेगळी मांडली: खांबातूनच वीज सोडा, पक्क्या थरातून गाळून निघालेले एकाच स्पिनचे इलेक्ट्रॉन मोकळ्या थराला पिळा देतील आणि तो पलटेल. आज कारखान्यात बनणारी बहुतेक एमरॅम अशीच लिहिली जाते. तिचा दोष असा की लिहिण्याचा जबर प्रवाह त्याच एक नॅनोमीटरच्या पापुद्र्यातून जातो. पापुद्रा झिजतो. शिवाय मोकळा थर पलटायला सुरुवात होईपर्यंत काही नॅनोसेकंद तसेच जातात. संगणकाचा प्रोग्राम साठवून ठेवायला हे चालतं, कॅशला चालत नाही. कॅशमध्ये सेकंदाला कोट्यवधी वेळा लिहावं लागतं.

ग्रनोब्लचा थर

फ्रान्सच्या आल्प्समधलं ग्रनोब्ल शहर म्हणजे चिपवाल्यांची वस्ती. सेआ ही अणुऊर्जा आणि पर्यायी ऊर्जा संस्था, सीएनआरएस ही राष्ट्रीय संशोधन परिषद आणि तिथलं विद्यापीठ यांनी मिळून २००२ मध्ये तिथे ‘स्पिनटेक’ ही प्रयोगशाळा काढली. मूलभूत संशोधन आणि उद्योग यांच्यामध्ये बसेल अशी जागा असावी हा हेतू. २०११ मध्ये या प्रयोगशाळेतल्या मिहाई मिरॉन आणि सहकाऱ्यांनी, तेव्हा बार्सेलोनात असलेल्या पिएत्रो गाम्बार्देल्ला यांच्याबरोबर, एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्लॅटिनमचा थर, त्यावर एक नॅनोमीटरहून कमी जाडीचा कोबाल्टचा थर, त्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइड. वीज खांबातून वर नेली नाही, थरांच्या पातळीत आडवी सोडली. कोबाल्ट पलटला.

हे का व्हावं? प्लॅटिनमचा अणू जड. त्याच्या केंद्रकाजवळून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनची गती आणि स्पिन एकमेकांत गुंततात. परिणाम असा की प्लॅटिनममधून आडवा प्रवाह गेला की वरच्या स्पिनचे इलेक्ट्रॉन एका अंगाला आणि खालचे दुसऱ्या अंगाला वळतात. भाराचा प्रवाह आडवा, स्पिनचा प्रवाह उभा. मिखाईल द्याकोनॉव्ह आणि व्लादिमीर पेरेल यांनी लेनिनग्राडला १९७१ मध्येच हे भाकीत केलं होतं. तो स्पिनचा प्रवाह वरच्या कोबाल्टमध्ये शिरतो आणि त्याला पिळतो. प्लॅटिनम-कोबाल्टच्या सीमेवर दुसराही एक परिणाम काम करतो, आणि यातलं श्रेय कुणाचं किती यावर पुढची काही वर्षं भांडण चाललं. चिप बनवणाऱ्याला त्या भांडणाशी फारसं देणंघेणं नाही. त्याला दिसलं ते हे की आता लिहिण्याची वाट खालून आणि वाचण्याची वाट खांबातून, दोन्ही वेगळ्या. पापुद्र्याची झीज संपली. आणि पलटणं जवळजवळ लगेच सुरू होतं.

याला स्पिन-ऑर्बिट टॉर्क म्हणतात, आणि त्यावरच्या मेमरीला एसओटी-एमरॅम.

एक गोम होती. चिपसाठी उभ्या दिशेने चुंबकित होणारा थर हवा, कारण तो लहान आकारातही टिकतो. पण आडव्या प्रवाहाला ‘वर’ आणि ‘खाली’ यांतला फरक कळत नाही. प्रयोगात त्यासाठी बाहेरून एक आडवं चुंबकीय क्षेत्र लावलेलं होतं. फोनमध्ये प्रत्येक चिपशेजारी चुंबक कोण ठेवणार? स्पिनट्रॉनिक्सच्या बातम्यांमध्ये ‘क्रांती’ हा शब्द आला की मी तीन गोष्टी शोधतो: तापमान किती होतं, बाहेरून चुंबक लावला होता का, आणि नमुना कारखान्याच्या वेफरवर (चिप जिच्यावर बनतात त्या सिलिकॉनच्या चकतीवर) बनला की प्रयोगशाळेच्या कपच्यावर. बऱ्याच क्रांत्या दुसऱ्या, म्हणजे चुंबकाच्या, प्रश्नालाच अडखळतात.

यावरचं एक व्यवहारी उत्तर बेल्जियममधून आलं. ल्यूव्हेन इथलं आयमेक हे संशोधन केंद्र जगभरच्या चिप कंपन्यांसाठी पुढच्या पिढ्यांची तंत्रं घडवतं. त्यांनी २०१८ मध्ये एसओटी-एमरॅम ३०० मिलिमीटरच्या वेफरवर, म्हणजे मोठ्या कारखान्यात चालतात त्याच ताटावर, बनवून दाखवली. पलटण्याचा वेळ २१० पिकोसेकंदांपर्यंत खाली आला होता. पुढच्या वर्षी त्यांनी बाहेरच्या चुंबकाचा प्रश्न सोडवला: खांब कोरताना वर जो संरक्षक थर लागतोच, त्यातच कोबाल्टचा चुंबक घातला. बाहेरचं क्षेत्र चिपच्या आत आलं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये आयमेकने जाहीर केलं की त्यांच्या लहान केलेल्या नमुन्यात एक बिट लिहायला १०० फेमटोज्यूलपेक्षा (म्हणजे ०.१ पिकोज्यूलपेक्षा) कमी ऊर्जा लागली आणि एकावर पंधरा शून्यं इतक्या वेळा लिहूनही तो टिकला. फ्लॅश मेमरीचा जीव साधारण हजारो ते लाखभर लेखनांचा असतो, हे आठवलं म्हणजे या आकड्याचं वजन कळतं.

या सगळ्यात माणसं कशी फिरली ते पाहण्यासारखं आहे. केविन गारेलो हे गाम्बार्देल्ला यांच्या गटात बार्सेलोनाला होते, त्यांच्याबरोबर झुरिकच्या ईटीएचला गेले, तिथून आयमेकमध्ये एसओटीचं काम उभं केलं आणि मग ग्रनोब्लला स्पिनटेकमध्ये दाखल झाले. स्पेन, स्वित्झर्लंड, बेल्जियम, फ्रान्स. ‘युरोपीय सहकार्य’ हा शब्द सरकारी कागदावर फार कोरडा वाटतो, पण तंत्रज्ञान अशा माणसांबरोबरच एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातं. ब्रसेल्सच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या, पैशाने काय केलं असेल तर या फिरण्याला वाट करून दिली.

पैसा कसा वाहतो

युरोपीय संघाची पद्धत अशी: ब्रसेल्स विषय जाहीर करतं, तीन-चार देशांतल्या विद्यापीठांनी, संशोधन संस्थांनी आणि कंपन्यांनी मिळून अर्ज करायचा, एकाने समन्वयक व्हायचं, आणि तीन-चार वर्षांत ठरलेलं करून दाखवायचं. ‘स्पॉट’ नावाच्या प्रकल्पाने स्पिन-ऑर्बिट टॉर्क कॅशमध्ये वापरता येईल का हे तपासलं. ‘ग्रेट’ प्रकल्पाने एकाच चुंबकीय थररचनेतून मेमरी, सेन्सर आणि रेडिओचे भाग काढायचा घाट घातला, कारण कारखान्याला तीन वेगळ्या रचनांपेक्षा एक रचना परवडते. ‘कायरॉन’चा समन्वय आयमेककडे होता आणि विषय होता चुंबकात उठणाऱ्या स्पिनच्या लाटांनी गणितं करणं. या यादीला अंत नाही आणि सगळे प्रकल्प लक्षात ठेवायची गरजही नाही. प्रत्येकाच्या नावाच्या आद्याक्षरांची कसरत मात्र बघण्यासारखी असते.

स्वीडनमधलं काम वेगळ्या दिशेने जातं. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्राफीन फ्लॅगशिप’ या दहा वर्षांच्या, शंभर कोटी युरोच्या कार्यक्रमाचा समन्वय योटेबोरीच्या चाल्मर्स विद्यापीठाकडे होता. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा. नेदरलंड्समधल्या ग्रोनिंगनच्या बार्ट फान वेस यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं होतं की ग्राफीनमध्ये खोलीच्या तापमानालाही स्पिन मायक्रोमीटरच्या घरात अंतर काटतो. त्या धाग्यावरून आता अणूभर जाडीचे चुंबक आणि अणूभर जाडीचे जड धातूंचे थर एकावर एक ठेवून मेमरी करता येईल का, हे ‘टूडी-स्पिन-टेक’ या प्रकल्पात पाहिलं जातंय. त्याचा समन्वयही चाल्मर्सकडे, आणि तिथे या कामाचं नेतृत्व करतात ते सरोज दाश, मूळचे ओडिशाचे. माझ्या तीन प्रश्नांपैकी तापमानाचा प्रश्न इथे अलीकडे सुटत आलाय. वेफरचा नाही. अणूभर जाडीचे थर ३०० मिलिमीटरवर एकसारखे पसरवणं हे अजून कुणाच्या हातचं नाही.

प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्यातली दरी भरायला २०२३ च्या सप्टेंबरपासून ‘युरोपियन चिप्स ॲक्ट’ लागू झाला. ४,३०० कोटी युरोची जमवाजमव आणि २०३० पर्यंत जगाच्या चिपबाजारात २० टक्के वाटा, असं त्याचं उद्दिष्ट. वाट्याचं उद्दिष्ट मला स्वप्नरंजन वाटतं. पण त्यातल्या ‘पायलट लाइन’ची कल्पना चांगली आहे. पायलट लाइन म्हणजे खऱ्या कारखान्याची यंत्रं असलेली, पण विक्रीसाठी नसलेली चाचणीची साखळी. ग्रनोब्लला सेआ-लेती या संस्थेत ‘फेम्स’ नावाची अशी ८३ कोटी युरोची साखळी उभी राहतेय, आणि तिच्या यादीत एमरॅमसह वीज गेली तरी टिकणाऱ्या अनेक मेमरी आहेत. लहान कंपनीला किंवा विद्यापीठाला स्वतःचा कारखाना कधीच परवडणार नाही. तिथे तिचं डिझाइन खऱ्या वेफरवर उतरू शकतं.

थर टाकणारी यंत्रंही युरोपात बनतात. जर्मनीतल्या काल अम माइन या छोट्या गावची ‘सिंगुलस’ कंपनी अणूच्या हिशेबाने थर टाकणारी यंत्रं करते. ड्रेस्डेनला ‘ग्लोबलफाउंड्रीज’चा कारखाना २०२० पासून २२ नॅनोमीटरच्या चिपमध्ये एमरॅम घालून देतो.

बचत कुठे नाही

आता थोडा हिशेब. स्पिनट्रॉनिक चिप म्हणजे विजेऐवजी स्पिनवर चालणारी चिप, असं वर्तमानपत्रात वाचायला मिळतं. तसं नाही. बिट पलटवायला प्रवाहच लागतो. एसरॅमचा एक बिट बदलायला १०० फेमटोज्यूलपेक्षा बरीच कमी ऊर्जा पुरते. म्हणजे सतत, न थांबता लिहिणाऱ्या कामात एमरॅम हरेल. ती जिंकते ती थांबलेल्या वेळात: गळती शून्य, ताजंतवानं करणं शून्य, चिपचा कोपरा बंद करून पुन्हा चालू करायला लागणारा वेळ जवळजवळ शून्य. घड्याळ, श्रवणयंत्र, शेतातला सेन्सर ही दिवसातला बहुतेक वेळ झोपणारी यंत्रं असतात. तिथे हा फायदा मोठा. डेटा सेंटरमध्ये तो कॅशच्या टप्प्यांपैकी प्रोसेसरपासून लांबच्या, मोठ्या, कमी वेळा लिहिल्या जाणाऱ्या टप्प्यांत दिसेल, प्रोसेसरला अगदी चिकटलेल्या टप्प्यात नाही.

चुंबक किती घट्ट धरून ठेवायचा हाही एक सौदा आहे. उष्णतेचे धक्के सतत बसत असतात. बिट दहा वर्षं टिकवायचा तर तो पलटवण्याची ऊर्जेची उंची त्या धक्क्यांच्या मापाच्या साधारण ६० पट ठेवावी लागते. पण कॅशमधली माहिती दहा वर्षं कुणाला हवी? काही सेकंद पुरतात. उंची कमी केली की टिकाऊपणा भराभर उतरतो, पण लिहिण्याची ऊर्जाही उतरते. म्हणजे एकाच तंत्रातून घट्ट, जपून ठेवणारी मेमरी आणि सैल, चपळ मेमरी अशा दोन्ही काढता येतात. या सौद्याची चर्चा लोकांपुढे फारशी येत नाही, पण माझ्या मते ऊर्जाबचतीची खरी किल्ली इथे आहे.

आणि जागा. एसओटीच्या एका बिटाला वाट वेगळी असल्यामुळे साधारणपणे दोन ट्रान्झिस्टर लागतात, साध्या एमरॅमला एक. एसरॅमच्या सहापेक्षा कमीच, तरी चिपवर इंच-इंच जागेचे पैसे असतात.

ट्रान्झिस्टरची जागा मात्र स्पिन घेणार नाही, निदान लवकर नाही. ‘एक’ आणि ‘शून्य’ यांच्या रोधात तिप्पट फरक मेमरीला पुरतो. ट्रान्झिस्टरला चालू-बंदमध्ये हजारो-लाखो पटींचा फरक लागतो. सुप्रियो दत्ता आणि बिस्वजित दास यांनी १९९० मध्ये स्पिनवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरची सुंदर कल्पना मांडली. ती अजून कल्पनेच्याच जवळ आहे.

ऐकणारा खांब

एक काम असं आहे जिथे स्पिनट्रॉनिक खांब मेमरीपलीकडे जातो. पॅरिसजवळ पालेझो इथे सीएनआरएस आणि थालेस कंपनी यांची एकत्र प्रयोगशाळा आहे. फेर यांची प्रयोगशाळा हीच, आणि थालेस म्हणजे जुनी थॉमसन-सीएसएफच. तिथल्या ज्युली ग्रोलिए यांच्या गटाने २०१७ मध्ये जपानी आणि अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर दाखवलं की चुंबकीय खांबातून स्थिर प्रवाह सोडला की मोकळा थर डोलायला लागतो, आणि त्या डोलण्याचा आकार प्रवाहानुसार असा बदलतो की एकटा खांब मेंदूतल्या चेतापेशीच्या जाळ्याची नक्कल करू शकतो. बोललेले इंग्रजी अंक ओळखायला दिले तर ९९.६ टक्के बरोबर आले. पुढच्या वर्षी चार खांबांनी स्वर ओळखले.

या गटाने पुढे ‘रेडिओस्पिन’ प्रकल्पात रेडिओ लहरींवरच थेट चालणारं जाळं करायचं ठरवलं. त्यात गुणाकार करायला जो परिणाम वापरतात त्याला स्पिन-डायोड म्हणतात: रेडिओ लहर आली की खांब डोलतो आणि त्यातून स्थिर व्होल्टेज निघतं. हा परिणाम टनेल जंक्शनमध्ये पहिल्यांदा २००५ मध्ये जपानमध्ये दिसला. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक अश्विन तुळापूरकर, जे आता पवईच्या आयआयटी मुंबईत शिकवतात. म्हणजे पालेझोचा खांब जे ‘ऐकतो’, त्याचा एक धागा पवईपर्यंत येतो.

प्राग आणि माइन्झच्या सैद्धांतिकांनी २०२२ मध्ये मांडलेले ‘अल्टरमॅग्नेट’ हे आणखी एक प्रकरण: बाहेरून चुंबकत्व शून्य, तरी आतले इलेक्ट्रॉन स्पिननुसार वेगळे झालेले. २०२४ च्या सुरुवातीला स्वित्झर्लंडच्या पाउल शेरर संस्थेत मँगनीज टेल्युराइडमध्ये त्याचा थेट पुरावा मिळाला. शेजारच्या बिटाला त्रास न देणारी, आजच्यापेक्षा खूप वेगवान मेमरी त्यातून निघू शकेल असं म्हणतात. वरचे तीन प्रश्न विचारायला इथे अजून अवकाश आहे.

सध्या मात्र एमरॅम सगळ्यात आधी गाडीत शिरतेय. डच कंपनी एनएक्सपी आणि तैवानची टीएसएमसी यांनी २०२३ मध्ये गाड्यांसाठी १६ नॅनोमीटरची एमरॅम असलेली चिप जाहीर केली. २० मेगाबाइटचा नवा प्रोग्राम फ्लॅशमध्ये भरायला मिनिटभर लागतो, हिच्यात तीनेक सेकंद. ही चिप टीएसएमसी बनवते, युरोपातला कुणी नाही. त्याच टीएसएमसीने बॉश, इन्फिनियन आणि एनएक्सपी यांना प्रत्येकी दहा टक्के भागीदार करून ड्रेस्डेनला कारखाना बांधायला घेतलाय, २८/२२ आणि १६/१२ नॅनोमीटर पिढ्यांच्या चिपसाठी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली आणि २०२७ च्या अखेरीस उत्पादन सुरू करायचं ठरलंय. ग्लोबलफाउंड्रीजचा एमरॅमवाला कारखानाही त्याच शहरात आहे.